तळहाताचा घाम

दुष्काळाच्या साली तिसगावात मला बघायला आलेला तो प्राध्यापक नगरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. मी नुकतीच मॅट्रिक झालेली. लग्नानंतर कॉलेजात घालीन, असं त्यानं आधीच कळवलं होतं. म्हणून हे स्थळ मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

मी पाटावर बसले, तर नाव-गाव सोडून यानं विचारलं, "स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे काय?" माझी जीभ टाळूला चिकटली. झालं, याला तेच पाहिजे होतं! चिवड्याचा बकाणा भरून शिकवायलाच लागला. स्व म्हणजे आपण, आयत्त म्हणजे ताब्यातलं. इंग्रजी शब्द म्हणे ग्रीकांकडून आला, त्याचाही अर्थ तोच, स्वतःचाच कायदा. काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, घाम फुटतो, हे सगळं शरीर आपलं आपण करतं, आपल्याला विचारत नाही. माझे वडील, म्हणजे दादा, "व्हय, व्हय" करत मान डोलवत होते. एवढा विद्वान जावई मिळणार म्हणून त्यांची छाती फुगली होती.

मग रीतीप्रमाणे त्याच्या आत्यानं माझे तळवे चाचपले. घट्टे बघून पोरगी कामाची आहे का ते कळतं म्हणे. तळवे ओलेचिंब. तिनं माझे हात झटकले आणि स्वतःचे पदराला पुसले.

"अगं बाई, हिच्या हाताला पानी सुटतंय! रोग हाय काय तरी."

मी त्याच्याकडे बघितलं. उत्तर आत्ताच तर त्यानं दिलं होतं! "आत्या, घाबरल्यावर घाम येतोच," एवढंच बोलायचं होतं. हा खाली मान घालून बशीतले शेंगदाणे वेचत बसला. कपाळावर हे एवढाले घामाचे थेंब. ते मात्र कुणी चाचपले नाहीत. शी! असला मेंगळट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि हा म्हणे शिकलेला!

आठवड्यानं निरोप आला. मुलगी पसंत, फक्त डॉक्टरला हात दाखवून घ्या. वडील हरखले, मला डॉक्टरकडे न्यायला लगेच चपला घालून निघाले.

"मला न्हाई करायचं," मी म्हटलं.

"का गं? कालेजात घालनार हायेत ना?"

"दादा, आत्यापुढं ज्याची वाचा बसती, तो मला कॉलेजात काय घालनार?"

कॉलेज हातचं चाललंय, हे मला दिसत होतं. वडील चपला काढून जवळ आले आणि माझा हात हातात घेऊन तळवा चाचपला. कोरडा होता.