उसाच्या बांधावरचं गाणं

पिंपळवंडीजवळच्या मैदानावर आम्ही काही मुली पोलीस भरतीसाठी पहाटे पळायचो. मुलं आमच्याहून पुष्कळ. मैदानावर संडास नव्हता, कडेला ऊस होता. उसात बिबट्या असतो, म्हणून लघवीला एकटीनं जायचं नाही. सगळ्यांनी मिळून बांधापर्यंत जायचं आणि एकीनं मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावायचं. गाणं लागलं की मुली कशाला गेल्यात ते सगळ्या मैदानाला कळायचं. मुलांतला एखादा ओरडायचा, "लागला रं, रेडिओ लागला!"

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. वर्गात हात वर करून बाईंना ठरलेलं वाक्य म्हटलं की काम व्हायचं. मराठीत ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे तर गाणं लावून जाहीर करायचं होतं. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, असं मी ठरवलं. आमची तयारी करून घेणारे सर सांगायचे, पळायच्या आधी आणि मधेमधे थोडंथोडं पीत राहा. मी बाटली तोंडाला लावायची, घोट न घेताच झाकण बंद करायची.

पप्पांनी आधीच बजावलं होतं, "एकदा जरी चक्कर आली तर पळणं बंद. मग बँकेची परीक्षा द्यायची."

उन्हाळा लागला तसा एकदा शेवटच्या फेरीत पोटरीत गोळा आला आणि डोळ्यांपुढे अंधारलं. मी धावपट्टीवरच बसले. सरांनी विचारलं, "पाणी प्यालीस का?" मी हो म्हणून मान हलवली. मढ गावची एक मुलगी माझी बाटली घेऊन धावत आली.

"सर, ही तर भरल्याली हाय!"

मुलं हसली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उसाकडे. मग म्हणाली, "कोमट झालंय सर, गार लागतं हिला." आणि मला घोटघोट पाणी पाजलं.

सर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर वडिलांना सांगणार."

दुसऱ्या दिवशी मी उठल्यावर पाणी प्याले, मैदानावरही प्याले. सर पळायला रांगेत बोलवत होते, आणि नेमकं तेव्हाच लागली.

"मला जायचंय," मी मढच्या मुलीला हळूच म्हटलं.

"कुठं?"

"उसाकडं."

"आगं, मग बोल की! चला गं समद्या!"

तिचा फोन बंद पडलेला. माझा घेतला. त्यात सगळी इंग्रजी गाणी.

"ह्यानं बिबट्या पळायचा न्हाई," ती म्हणाली, "ऐकत बसंल."

तरी तिनं आवाज पूर्ण वाढवला. मैदानावरून आरोळी आली, "आज रेडिओ इंग्लिश झाला, राव!" फोन कुणाचा ते सगळ्यांना कळलं असणार. ओढणीच्या आडोशाला बसले तेव्हा माझे कान तापले होते. परत येताना मी बुटांशिवाय कशाकडेच पाहिलं नाही. रांगेत उभी राहिले, पळाले. मधे दोन घोट घेतले, पुन्हा पळाले. पोटरी धरली नाही.

पप्पा न्यायला आले होते. गाडी लावून कधीपासून थांबले होते कोण जाणे.

"गाणं कसलं लागलं होतं गं?"

मी बाटली काढली आणि उरलेलं पाणी त्यांच्यासमोर संपवलं.