एकशे बारा बाटल्या

वेलिका चाकारोवा श्वास रोखून काम करायच्या. बाटलीचं झाकण काढलं की श्वास बंद, आत जंतू जाऊ नये म्हणून. कोवळा शेंडा कापून नव्या बाटलीत रोवायचा, झाकण लावायचं, मगच श्वास सोडायचा. एकतीस वर्षं असंच. प्लोवदिव शहरातल्या त्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायचे. काचेपलीकडून तो सुस्कारा ऐकू आला की माझाही जीव भांड्यात पडायचा.

रस्त्यासाठी रोडोपच्या डोंगरातला एक कडा सुरुंगाने उडवणार होते. आदल्या आठवड्यात, तेव्हा तरुण असलेल्या बाई दोराला लटकून तिथली शेवटची तीन रोपं घेऊन आल्या. जांभळ्या फुलाची, तळहाताएवढी. त्यांवरच प्रबंध, त्यांवरच प्राध्यापकी. आता जगात ते झाड फक्त आमच्या एकशे बारा बाटल्यांत. दुसऱ्या कुणाला त्यांनी एकही दिली नाही.

"लोकांचे हात घाण असतात, दोन्का," त्या मला म्हणायच्या.

मार्चमध्ये एका बाटलीच्या तळाशी दुधासारखा ढग दिसला. दुसऱ्या दिवशी नऊ बाटल्यांत. शुक्रवारी चाळीस. जंतू बाहेरून आला नव्हता, झाडाच्या आतच वर्षानुवर्षं दबून होता. बाई एकेक बाटली उजेडाला धरत, आणि ढगाळ निघाली की बाजूला ठेवत.

माझी भीती वेगळी. आठ वर्षांपूर्वी उकळून फेकायला दिलेल्या जादा बाटल्यांतली एक मी गावी नेली होती. चोरीच ती. नोकरी गेली असती.

सहाच उरल्या तेव्हा तोंड उघडलं.

"बाई, एक माझ्या सासूच्या भिंतीत आहे."

"काय आहे?"

"ते. दगडांच्या फटीत. गेल्या वर्षी फुललं होतं. यंदा हिवाळा वाईट गेला, शिवाय बकऱ्या..."

"बकऱ्या?" कोट न घेताच त्या जिना उतरल्या.

गाडीने गावी पोचलो. सासू दारातच उभी होती.

"हीच का तुझी प्रोफेसरीण? काडी आहे ग नुसती! आधी ही चीज भरलेली बानित्सा खा, गरम आहे."

बाई थेट भिंतीपाशी. फटीत काळपट, कुजक्या पानांचा चोथा. त्यांनी नखाने वरचं पान उचललं. आत नखाएवढं हिरवं.

वाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्यातली धूळ उडत होती. बाईंनी श्वास रोखला. कितीतरी वेळ.

"श्वास घे ग बाई," सासू म्हणाली. "त्याला आमची सवय आहे."