वासाचं पाणी

लॉन्ड्रीवाल्या आजोबांचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या नाकावर. धुवायला आलेला कपडा ते आधी हुंगत, मगच पावती फाडत. कोण चोरून सिगारेट ओढतं, कोणाचं कपाट ओलं झालंय, त्यांना सगळं कळे. गल्ली त्यांना पाठीमागे ‘नाकवाले’ म्हणे. तेही त्यांना ठाऊक होतं.

पूर ओसरला आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. गॅस संपलेला, त्यामुळे पाणी उकळायचीही सोय नव्हती. नात नुकतीच जुलाबातून उठली होती. पुन्हा पोट बिघडलं तर पोर हाती लागायची नाही, असं नर्सबाई बजावून गेल्या. जाताना त्या सुनेशी दारात बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. आजोबांना ते खटकलंच.

दुपारी त्यांनी नातीच्या पाण्याचं पातेलं हुंगलं. ब्लीचचा वास! ज्यानं जन्मभर त्यांच्या बोटांची सालं काढली, ते पोरीच्या पाण्यात? सुनेला विचारावं, तर ती खरं कशाला सांगेल? त्यांनी गुपचूप पातेलं मोरीत ओतलं आणि नळाचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून भरून ठेवलं. दिसायला नितळ, वास मुळीच नाही. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

नातीनं पाणी मागितलं. सुनेनं पेला भरला, नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“बाबा, पातेलं तुम्ही बदललंत?”

“आधी तू सांग, त्यात काय घातलं होतंस?”

तिनं सांगितलं. पाणी गाळून नर्सबाईंनी सांगितले तेवढेच ब्लीचचे थेंब घालायचे, अर्धा तास झाकून ठेवायचं. नंतर किंचित वास उरला तरच पाजायचं.

“वास नसेल तर ते पाणी धोक्याचं. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर घालू दिलं असतंत?”

पेल्यातलं नितळ पाणी आता आजोबांच्यानं बघवेना.

“कुठल्या बाटलीतलं?” त्यांनी विचारलं. “निळ्या बाटलीत सुगंध घातलेला असतो. ते नाही चालायचं.”

सुनेनं पांढरी बाटली पुढे केली. त्यांनी ती हुंगली, लेबल वाचलं, पुन्हा हुंगली. थेंब आपल्यासमोर घालायला लावले आणि अर्धा तास पातेल्यापाशी स्टूल टाकून बसले. मग पहिला पेला स्वतः प्यायले, पोट चाचपत थोडा वेळ थांबले.

“हं. आता दे तिला.”

नातीनं पेला घेतला आणि ओठाला लावायच्या आधी हुंगला.

“झाली,” सून हसली, “हीपण नाकवाली झाली.”

म्हणजे ते नाव घरातही चालतं तर. आजोबांनी एवढं मनात नोंदवून ठेवलं.