लियाकत टेलरच्या दोन डाव्या बाह्या

भद्रावतीच्या बसस्टँडसमोर लियाकत टेलरचं दुकान होतं आणि त्या दुकानात आठवड्याला एकच वार होता, शुक्रवार. शर्ट कधी मिळेल? जुम्म्याले. पँटची चेन कधी बसेल? जुम्म्याले. कुठला जुम्मा, हे लियाकतभाऊंनी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर ते इतक्या दुखावलेल्या नजरेनं बघत, की विचारणाऱ्यालाच लाज वाटे. देवराव मास्तरांच्या लग्नाचा कोट मास्तरांच्या मुलाच्या बारशाला तयार झाला. मास्तरांनी तो बारशात घातला. करता काय, कापड झकास होतं आणि शिलाई त्याहून झकास. खरी गोम हीच होती. माणूस वाईट शिवत असता तर गावानं त्याला केव्हाच सोडून दिलं असतं.

तर अशा या माणसाला, ज्याची उभी हयात सुईदोऱ्यात गेली, सुईची भीती होती. हसू नका, कारण होतं. पंचविशीत गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना मशीनची सुई त्यांच्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली आणि आतच मोडली. डॉक्टरनं चिमट्यानं ओढून काढली. तेव्हापासून सुई कापडात शिरत असेल तर लियाकतभाऊ राजे; अंगाकडे येत असेल तर त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळत. कुत्रा चावला तर चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात हे ऐकल्यापासून त्यांनी कुत्र्यांची गल्लीच सोडली होती. मशिदीत जायला रोज मोठा वळसा पडे, पण तो त्यांनी वीस वर्षं आनंदानं घातला.

हे सगळं चालून गेलं असतं, पण आबिदाबीला हजला जायचं होतं.

आबिदाबी म्हणजे त्यांची बायको. माहेर नागभीडचं, धानाच्या बांधावर वाढलेली, बोलणं कमी आणि काम दुप्पट. लग्नापासून तिनं नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे लियाकतभाऊ चारचौघांत कौतुकानं सांगत आणि आतून त्याच गोष्टीनं शरमिंदे होत. दोन वर्षं हजच्या सोडतीत नाव निघालं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००२ च्या हजसाठी, दोघांची नावं निघाली. बाईमाणसाला तेव्हा नवऱ्याशिवाय किंवा जवळच्या नातेवाइकाशिवाय जाता येत नसे. तिला ना भाऊ, ना मुलगा. नवरा गेला तर ती जाणार, नाही तर नाही.

जानेवारीत चंद्रपूरला एका शाळेच्या हॉलमध्ये हजला जाणाऱ्यांचं शिबिर होतं. इहरामची बिनशिवलेली पांढरी वस्त्रं कशी बांधायची, सामान किती न्यायचं, सगळं झालं. लियाकतभाऊ पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होते. मग डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, मेनिंजायटिस नावाचा आजार आहे, मेंदूच्या आवरणाला सूज येते. लाखो माणसं एका मैदानात उतरणार, एकाचा खोकला दुसऱ्याच्या नाकात जाणार, म्हणून प्रत्येकानं लस घ्यायची. लस घेतली की कार्डावर शिक्का. कार्ड नाही तर विमान नाही.

"लस म्हणजे थेंब असतीन ना?" लियाकतभाऊंनी शेजाऱ्याला विचारलं.

"थेंब लेकरायले. आपल्याले सुई."

भाऊंची मान डोलायची थांबली.

तरीही ते रांगेत उभे राहिले, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. आबिदाबी पुढे, ते मागे. आबिदाबीनं बाही वर केली, सुई गेली, बाही खाली केली. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. लियाकतभाऊंनी थोडा धीर धरला आणि टेबलामागच्या सिस्टरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सिस्टरही त्यांच्याकडेच बघत होती. हातात यादी होती. तिनं सावकाश वाचलं, "लियाकत टेलर, भद्रावती." आणि हसली.

त्या हसण्यावरून लियाकतभाऊंनी तिला ओळखलं. ही धुरपता मडावी होती.

बावीस वर्षांपूर्वी ही पोर अहेरीकडच्या जंगलातल्या गावातून भद्रावतीला मावशीकडे आली होती. नर्सच्या शिक्षणासाठी चंद्रपूरला मुलाखत होती, म्हणून पांढरा ब्लाउज शिवायला टाकला होता. लियाकतभाऊंनी जुम्म्याले या सांगितलं. ती आली. पुन्हा जुम्म्याले या सांगितलं. ती पुन्हा आली. असे चार जुम्मे झाले आणि मुलाखत होऊन गेली. ब्लाउज काही मिळाला नाही. तो आजपर्यंत मिळाला नव्हता. आणि आज त्याच पोरीच्या हातात सुई होती.

"सिस्टर, नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून येतो," एवढं म्हणून लियाकतभाऊ बाहेर पडले आणि समोर उभ्या असलेल्या भद्रावतीच्या एसटीत चढले. बस वरोरा नाक्यापर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं की आपली बायको हॉलमध्येच आहे.

आबिदाबी संध्याकाळच्या बसनं एकटी आली. घरात ही दोघं हिंदीत बोलत, पण आबिदाबीला राग आला की ती माहेरच्या मराठीवर येई. त्या दिवशी ती उंबऱ्यातूनच मराठीत आली.

"मले टाकून आले?"

"अगं, ते सिस्टर माह्यावर खार खाऊन हाय. मुद्दाम जोरात टोचन ते."

"डॉक्टर म्हणे, विमानात बसाच्या दहा दिवस आधी सुई झाली पायजे. येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत सरकारी दवाखान्यात जा. त्याच्यानंतर नाई." तिनं बुरखा खुंटीला लावला. "तुमी नाई गेले तर मी बी नाई जात. मले आता काई बोलाचं नाई."

आणि खरंच ती बोलली नाही. ती ओरडली असती तर लियाकतभाऊंनी सहन केलं असतं. तिनं हजसाठी भरलेल्या पेटीतून कपडे एकेक काढून पुन्हा कपाटात ठेवायला सुरुवात केली, आणि ते बघून लियाकतभाऊ ताटावरून उठले. त्यांचं बायकोवर फार प्रेम होतं. ते त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. जुम्म्याले सांगू, असंच बहुतेक चाललं होतं.

आता हजला जाणाऱ्यानं निघण्यापूर्वी गावभर फिरून माफी मागायची असते. कहासुना माफ, म्हणजे कधी काही वावगं बोललो असेन, वागलो असेन, तर मोकळं करा. कुणाचा सल मनात ठेवून त्या दारी जायचं नसतं. बाकी हाजी हे काम दोन संध्याकाळी उरकतात. लियाकतभाऊंनी मात्र मापाच्या वह्या काढल्या. सत्तावीस वह्या. पान उलटावं तिथे एक माणूस वाट बघत उभा. सकाळी निघायचे ते रात्रीच्या जेवणाला परतायचे, कारण माफी करण्याआधी प्रत्येक जण आपला किस्सा पहिल्यापासून सांगे. देवराव मास्तरांनी तर तो कोट घालून माफ केलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रईसनं एवढंच म्हटलं, "माफ केलं, पण माहा पायजमा?"

मंगळवारी रात्री वह्या संपल्या. एकच नाव उरलं. धुरपता मडावी, ब्लाउज पांढरा, जुम्म्याले.

"जा," आबिदाबी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"फक्त माफी मागून येतो. सुईचं मंग पाहू."

बुधवारी ते चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचले. धुरपता सिस्टर कापूस मोडून बोळे करत होती. लियाकतभाऊ हात जोडून उभे राहिले. "धुरपताबाई, हजले जाऊन राह्यलो. कहासुना माफ करा."

सिस्टरनं त्यांना खालून वर पाहिलं. "करीन ना भाऊ, काऊन नाई करीन. जुम्म्याले या."

लियाकतभाऊंना आधी कळलंच नाही. ते "बरं" म्हणून दारापर्यंत गेले आणि मग दारातच उभे राहिले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात हजारो वेळा दिले होते, पण घेण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. बसमध्ये त्यांना सारखं वाटत राहिलं, की शुक्रवारी ती नसली तर? रजेवर गेली तर? विसरली तर? गिऱ्हाईक होणं म्हणजे काय असतं, ते त्यांना भद्रावतीपर्यंतच्या तासाभरात समजलं.

शुक्रवारी सकाळी आठलाच ते दवाखान्यात हजर होते. आबिदाबी बरोबर होती, कारण आता ती त्यांना एकटं सोडणार नव्हती. लियाकतभाऊंच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"झाली का माफी?" त्यांनी बिचकत विचारलं.

"झालीच समजा," सिस्टर म्हणाली. "फक्त काज-बटन राह्यले. थोड्या वेळानं या."

आबिदाबीनं बुरख्याच्या टोकात तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. लियाकतभाऊ नऊला गेले, तर सिस्टर म्हणाली इस्त्री बाकी आहे. दहाला गेले, तर म्हणाली लाइट गेली होती. साडेदहाला मात्र लियाकतभाऊ तिच्या समोरच्या स्टुलावर बसूनच राहिले आणि खिशातून तो रुमाल काढून टेबलावर सोडला. आत पिवळट पडलेल्या दोन छोट्या बाह्या होत्या.

"धुरपताबाई, खरं सांगतो. तुमचा ब्लाउज मी पहिल्याच दिवशी कापला. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड उरलं नव्हतं. दुसरं कापड आणून देतो म्हणाले पायजे होतं. लाज वाटली. एवढा नावाजलेला टेलर, दोन्ही बाह्या डाव्या. म्हणून जुम्म्याले या म्हणत राह्यलो. कोणालेच सांगितलं नाई. हिलेही नाई." त्यांनी आबिदाबीकडे पाहिलं. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

सिस्टरनं त्या बाह्या रुमालातून बाहेर घेतल्या. एक उचलली, दुसरीवर ठेवली. तंतोतंत जुळली. मग ती अशी हसत सुटली की बाजूच्या खोलीतून डॉक्टर डोकावून गेले.

"मावशीचा ब्लाउज घालून गेल्ती मी," ती डोळे पुसत म्हणाली. "मावशी केवढी, मी केवढी. सात पिना लावल्या. मुलाखतीत एक पिन सुटली अन् पाठीत गेली. मी हू का चू केलं नाई. साहेब म्हणे, पोरगी शांत डोक्याची हाय, घ्या हिले." तिनं सुई हातात घेतली. "पण चार जुम्मे मी रोज रात्री रडली, भाऊ. त्याच्या आदल्या साली माही बहीण रंभा रानात मोहाची फुलं वेचाले गेल्ती. डोकं दुखते म्हणून परत आली. ताप चढला, मान लाकडावानी ताठली अन् तिसऱ्या दिवशी गेली. हाच आजार. तवा आमच्या गावात सुई घेऊन येणारं कोणी नव्हतं. म्हणून मले नर्स व्हाचं होतं."

लियाकतभाऊंनी आपण होऊन बाही वर केली. वर करताना सवयीनं शिवण तपासली. ती स्वतःचीच होती, चांगली होती.

"टोचा," ते म्हणाले. "जोरात टोचा."

"जोरात नाई टोचत आमी," सिस्टर म्हणाली आणि टोचलं. लियाकतभाऊंनी डोळे मिटले, दात आवळले, आबिदाबीचा हात असा दाबला की बांगडी पिचली. डोळे उघडून पाहिलं तर सिस्टर कार्डावर शिक्का मारत होती. शिक्क्याचा आवाज सुईपेक्षा मोठा होता.

"एवढंच?" ते म्हणाले. "याच्यासाठी मी वीस वर्षं कुत्रे चुकवले?"

"अन् माफी?" आबिदाबीनं विचारलं, कारण तिला व्यवहार समजत होता.

"माफी ब्लाउज आला की. तुमी जायच्या आधी. जुम्म्याले चालन."

आबिदाबीनं तिथेच नवऱ्याच्या खिशातून टेप काढून सिस्टरचं नवं माप घेतलं. बावीस वर्षांत धुरपता सिस्टर मावशीएवढी झाली होती. शनिवारी लियाकतभाऊंना ताप आला, खांदा सुजला, आणि त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला तो खांदा लढाईवरून आलेल्या शिपायासारखा दाखवला. रविवारी दुकान उघडून त्यांनी पांढरं कापड अंथरलं. कात्री हातात घेतली, खाली ठेवली. पुन्हा घेतली. मशीनवर चाळीस वर्षं बसलेला माणूस, पण बाह्या कापायला त्यांना एक पूर्ण दुपार लागली. आबिदाबी समोर बसून कपाटातले कपडे पुन्हा पेटीत भरत होती आणि मध्येच मान वर करून बघत होती.

ब्लाउज घेऊन ते चंद्रपूरला पोचले तेव्हा सिस्टरनं आधी ब्लाउजकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"भाऊ, आज गुरुवार हाय."

"माहीत हाय," लियाकत टेलर म्हणाले.

तिनं घडी उलगडली. एक बाही सरळ केली, मग दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहिल्या. जुळल्या नाहीत.

"एक डावी, एक उजवी," धुरपता सिस्टर म्हणाली. "जा भाऊ, माफ केलं. भाबीले सांभाळून न्या."