शनिवारची करवत

माझ्यासारख्यानं लिहावं की नाही, कळत नाही. चुकलं तर माफ करा. होस्टेलमागे कोणी ओलं सागवान कापलं की त्या वासानं मला घाटंजीचा बाजार आठवतो. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी बाबांना जंगलात लाकूडतोडीचं काम मिळणार होतं आणि त्यावर माझं कॉलेजात जाणं ठरणार होतं. मुकादमाची अट एकच, रविवारी सकाळी स्वतःची करवत घेऊन यायचं. दुकानात बाबांनी पाती वाकवून पाहिली, नखानं वाजवून ऐकली, ओल्या लाकडात अडकू नये म्हणून मोठ्या दातांची निवडली आणि एकदम खाली ठेवली. "आज शनिवार हाय. लोखंड घरात नाही नेत." दुकानदार चाचा हसले, "भाऊ, तुम्ही लाकडाची मूठ इकत घ्या, पातं फुकट समजा!" बाबा म्हणाले, "शनीले फसवू काय?" मी चिडून म्हटलं, "बाबा, काम जाईन ना!" ते बसस्टँडकडे चालू लागले. काम गेलंच. मी दोन वर्षं उशिरा कॉलेजात आलो आणि त्या शनिवारवर चरफडतच राहिलो. परवा गावाकडचा एक जण भेटला, तेव्हा कळलं, मुकादमानं कामाची सगळी माणसं आदल्या दिवशी, शुक्रवारीच भरली होती.