ओल्या बोटाची फुली

क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एक म्हातारे चिनी अंकल रोज संध्याकाळी पंख्याखाली बसायचे. बर्फाच्या कॉफीच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटायचं. त्यात बोट ओलं करून ते टेबलावर फुली काढायचे आणि ती वाऱ्यानं वाळेपर्यंत बघत राहायचे. मग दुसरी. कॉफी बिचारी पाणचट होत जायची. ऑफिसातून परतताना मी समोर टेकायचो आणि त्या विरणाऱ्या फुल्या बघता बघता कुठल्या कुठे हरवून जायचो. मला वाटायचं, हा यांचा जपच असावा.

एकदा न राहवून विचारलं. ते हसले.

"मत देताना मारतात ना, ती फुली. तरुणपणी मारली होती. मग इकडे दर निवडणुकीला सत्तेतल्यांसमोर कुणी उभंच राहत नाही. मतदानाशिवायच निकाल! हातानं ती विसरायला नको, लाह." इथल्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी हे 'लाह' येतंच.

मी नोकरीच्या पासवर या देशात आलेला पुणेकर, मला इथे मत नव्हतंच. पण दोन हजार पंधरा साली त्या भागात समोर कुणीतरी उभं राहिलं, तेव्हा माझंच नाव यादीत लागल्यासारखा मी हरखलो.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. जिंकली जुनीच मंडळी होती. मी चाचरत म्हणालो, "अंकल, काहीच बदललं नाही हो."

"बदललं की. या वेळी त्यांना मला विचारावं लागलं."

त्यांनी रुमालानं ग्लास कोरडा पुसला आणि कॉफी गार असतानाच पिऊन टाकली.