शेजारी शेजारी दोन भोकं

फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात चार खिडक्या होत्या. पहिल्या तीन खिडक्यांपुढे बिघडलेले फोन घेऊन लोक रांगेत उभे असायचे आणि चौथीवर वहिनी एकट्या बसलेल्या असायच्या. वर पाटी होती : जुना फोन, जुनं उपकरण इथे द्या, कंपनी मोफत नेईल आणि नीट मोडून त्यातलं धातूबितू परत वापरात आणेल. लोक पाटी वाचायचे, वहिनींकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. जणू त्या वर्गणी मागायलाच बसल्या होत्या.

"फुकट?" एखादा थांबून विचारायचा.

"फुकट."

"म्हणजे मला काय मिळणार?"

"पावती."

"आणि कंपनीला काय मिळणार?"

कंपनीला हे कायद्यानं करावंच लागतं, एवढंच वहिनींना ठाऊक होतं. ते सांगितलं की माणूस जास्तच संशयानं बघायचा. विकायला बसलेली कंपनी लोकांना कळते, फुकट न्यायला बसलेली कळत नाही. एकानं तर हसत विचारलं, "सासूबाईंचा जुना मिक्सर घेता का? सोबत सासूबाईही आहेत." वहिनी म्हणाल्या, "आधी बॅटरी काढून आणा, मग बघू."

हसून बोलायच्या, पण ती नोकरी त्यांनी हसण्यावारी घेतलेली नव्हती.

त्यांच्या नवऱ्यानं बावीस वर्षं भंगारातली उपकरणं फोडली होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. तापलेल्या तव्यावर बोर्ड ठेवायचा, कथील पातळ झालं की चिमट्यानं एकेक भाग उचलायचा, वायरी पेटवून तांबं काढायचं आणि उरलंसुरलं तेजाबात टाकायचं. बावीस वर्षांत आजूबाजूचे सगळे त्या वासाला सरावले. सरावली नाही ती नवऱ्याची छाती. आता ते घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि जिना चढायचा तर मध्ये दोनदा थांबत. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, तेव्हा वहिनींना तो जळालेल्या बोर्डासारखा दिसला होता.

शेड धाकट्या दिरानं घेतली. जाऊ तिथेच बसून माल निवडायची आणि त्यांची पाच वर्षांची पोर तिथेच खेळायची. पोरीलाही खोकला लागला होता. तसाच कोरडा, पोटातून येणारा. तो आवाज वहिनींना पाठ होता. भिंतीपलीकडून ऐकला असता तरी कुणाचा, कशाचा, ते त्यांनी सांगितलं असतं.

त्यामुळे चौथ्या खिडकीची जागा निघाली, तेव्हा देवानंच बोलावलं असं त्यांना वाटलं. त्यांचा हिशेब साधा होता. जे खिडकीत येईल ते शेडमध्ये जाणार नाही. शेडला माल मिळेनासा झाला की तवा थंड होईल, दीर दुसरं काही बघेल आणि पोर सुटेल. रोज सकाळी खिडकीची फळी वर करण्याआधी त्या डोळे मिटून हात जोडायच्या आणि एकच मागायच्या, देवा, तेवढी आग विझू दे. दिराला मात्र त्या सेंटरात कामाला आहेत एवढंच ठाऊक होतं; त्याचा माल तोडायला बसलेय, हे त्याला कसं सांगणार?

पहिल्या महिन्यात सात फोन आले. त्यातलं एक तर नुसतं खोकं निघालं.

घरोघर फोन पडून आहेत, हे वहिनींना माहीत होतं. कुणाच्या कपाटात चार, कुणाच्या पलंगाच्या पेटीत सहा. पण द्यायचं म्हटलं की हात मागे. कुणी म्हणे, असू दे, कधीतरी लागेल. कुणी म्हणे, भंगारवाला निदान एक बादली तरी देतो. सगळ्यांत जास्त भीती फोटोंची. "पुसले तरी निघतात म्हणे परत," बायका दबक्या आवाजात म्हणायच्या, आणि पावती दाखवली की पावतीकडे असं बघायच्या जणू तिलाच डोळे आहेत.

हे सगळं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ते बराच वेळ खोकले, मग एका जुन्या फोनची पाठ उघडून म्हणाले, "अगं, त्यांच्यासमोर भोक पाड. माझं ड्रिल पडलंय ना. बॅटरी आधी काढून घे, नाहीतर भडका उडेल. आणि हे बघ, या काळ्या चौकोनात सगळं साठलेलं असतं. इथे पाड. दोन पाड, शेजारी शेजारी. एक कधीकधी चुकतं."

लाल पट्टी गुंडाळलेल्या मुठीचं ते ड्रिल वहिनी पिशवीतून घेऊन गेल्या. मॅनेजर साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग आकडा वाढायला लागला तेव्हा आठ्या काढल्या. गिऱ्हाइकासमोर पाठ उघडायची, बॅटरी वाळूच्या डब्यात टाकायची आणि घर्र, घर्र, दोन भोकं. त्यातून आरपार बघता यायचं. बायका खरंच डोळ्याला लावून बघायच्या आणि हसायच्या. "संपलं बाई एकदाचं," म्हणायच्या. हा हा म्हणता बाजारभर झालं. चौथ्या खिडकीवर दोन भोकं पाडून देतात, मनाला घोर राहत नाही. वर्ष होता होता चौथीची रांग तिसरीपेक्षा लांब झाली.

एक मास्तर तेवढे बधले नाहीत. शाळेतून निवृत्त झालेले. दर आठवड्याला फिरायला निघाले की खिडकीशी थांबायचे.

"काय वहिनी, आज किती जणांना फसवलंत?"

"तुम्ही राहिलात एकटे, मास्तर. द्या की तुमचे."

"मला एक सांगा. इथून पुढे हे कुठे जातं?"

"कारखान्यात."

"पाहिलाय तुम्ही?"

पाहिला नव्हता. वहिनींनी साहेबांना विचारलं. साहेबांनी भिंतीवरची चौकट दाखवली. स्वच्छ कारखाना, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं, दारात झाडं. पुढच्या खेपेला त्या मास्तरांना म्हणाल्या, "फोटो आहे त्याचा."

"फोटो माझ्याकडेही पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले. "म्हणून तर फोन देत नाही."

तेव्हा वहिनी हसल्या. पुढे कंपनीचं नाव रंगवलेला ट्रक यायचा बंद झाला आणि बिननावाचा टेम्पो यायला लागला. साहेब म्हणाले, कंत्राट दिलंय. वहिनींनी सही केली आणि पोती मोजून दिली. कुठे नेता, एवढं त्या टेम्पोवाल्याला विचारू शकल्या असत्या. विचारलं नाही. पदरी पडलेल्या चांगल्या गोष्टीला उलटून पाहायचं नसतं, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं.

एका रविवारी दुपारी पोरीसाठी खोकल्याचं औषध घेऊन वहिनी शेडमध्ये गेल्या. खूप महिन्यांनी गेल्या होत्या. धूर अजून दिसायचा, पण तो उरल्यासुरल्या मालाचा, शेड ओस पडत आली असेल असं मनात धरून गेल्या होत्या. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. एकाच्या जागी दोन तवे तापले होते आणि जाऊ पोत्यावर पोतं रिकामं करत होती.

"या ताई, बसा. कुठे बसवू तुम्हाला," जाऊ हसून म्हणाली. "देवाची कृपा आहे यंदा. माल सरतच नाही."

कोपऱ्यात पोर बसली होती. तिच्या मांडीवर वायरीत ओवलेली लांबलचक माळ होती. हिरवे बोर्ड एकाला एक लावून ओवलेले, शर्टाच्या गुंड्या ओवाव्यात तसे.

"काकू, बघ," ती खोकत खोकत म्हणाली. "मला भोकं पाडावी लागत नाहीत. यांना आधीच असतात. दोन दोन."

वहिनींनी माळ हातात घेतली. शेजारी शेजारी दोन भोकं, काळ्या चौकोनात. माळेच्या टोकाला एका फोनची पाठ बांधली होती, तिच्यावर पोपटाचं चित्र चिकटवलेलं होतं. तो फोन एका शाळकरी मुलीनं त्यांच्याच खिडकीत दिला होता, जाताना चित्राला बोट लावून गेली होती.

"भाऊजी, हे कुठून येतं?" त्यांनी विचारलं.

दीर तव्यावरून मान वर न करता म्हणाला, "कंत्राटदार टाकून जातो. कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा माल आहे. एकदम आयतं काम, वहिनी. बॅटऱ्या काढलेल्या, पाठी उघडलेल्या. फक्त कुणीतरी येडपट त्यांना भोकं पाडतं, तेवढा एक भाग वाया जातो."

वहिनींनी पोपटाच्या चित्रावरून अंगठा फिरवला.

"खरं सांगू?" दीर पुढे म्हणाला. "गेल्या वर्षी मी हे सोडणारच होतो. भंगारवाल्यांकडे काही येईनाच. एका दुकानात टेम्पो चालवायचं ठरलंही होतं. आणि नेमकं हे सुरू झालं. दादाच्या आशीर्वादानं म्हणायचं."

औषधाची बाटली वहिनींच्या हातातच राहिली होती. ती त्यांनी जावेकडे दिली. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, असं सांगितलं आणि निघाल्या. पोरीनं माळ परत मागून घेतली.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कशी आहे पोर?"

"खेळत होती," वहिनी म्हणाल्या.

ड्रिल न्यायला त्यांनीच सांगितलं होतं, कुठे पाडायचं ते बोटानं दाखवलं होतं. हे त्यांना सांगायचं कसं? वहिनी हात जोडून बसल्या, पण मागायला काही सुचेना. वर्षभर एक हात देवापुढे धरला आणि दुसऱ्या हातानं त्याच आगीत सरपण घातलं. देवानं तरी कुठल्या हाताचं ऐकावं?

सोमवारी त्या आधी साहेबांकडे गेल्या. सगळं सांगितलं, माळेसकट. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "वहिनी, कंत्राटदाराचे कागद चोख आहेत," ते म्हणाले. "आपली जबाबदारी फाटकापर्यंत. मी वर लिहीन. पण खिडकी बंद झाली तर लोक भंगारवाल्यालाच देणार ना? तो तरी कुठे नेणार?"

वहिनी उठल्या. त्या खिडकीशी येऊन बसल्या. आज हात जोडले नाहीत, नुसती फळी वर केली. रांगेत सगळ्यांत पुढे मास्तर उभे होते. हातात कापडात गुंडाळलेलं गाठोडं.

"घ्या वहिनी, जिंकलात," त्यांनी गाठोडं सोडलं. तीन फोन आणि एक टॅब. "हा आमच्या हिचा. ती गेल्यावर चार्जसुद्धा केला नाही. म्हटलं, कुणाच्या तरी हाती द्यायचा तर तुमच्या. वर्षभर पाहतोय, तुमच्या वागण्यात खोट नाही."

वहिनींनी तो फोन उचलला. काचेवर बोटांच्या जुन्या खुणा होत्या. त्यांनी तो परत कापडावर ठेवला, बाकीचेही ठेवले आणि गाठ मारली. गाठ नीट बसेना, पुन्हा मारली.

"घरी न्या, मास्तर. कपाटातच बरे आहेत."

"अहो, वर्षभर माझ्या मागे लागला होतात."

"हो."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. कारखाना, फोटो, यातलं काहीच ते बोलले नाहीत. जिंकल्याचा आनंदही चेहऱ्यावर नव्हता. त्यांनी फक्त हळूच विचारलं, "मग बाकीच्यांनी दिले, त्यांचं काय?"

वहिनींनी गाठोडं त्यांच्याकडे सरकवलं. मास्तर गाठोडं छातीशी धरून गेले.

मागची बाई पुढे सरकली. तिनं बॅटरी आधीच काढून आणली होती. "वहिनी, दोन भोकं हं, माझ्यासमोर."

ड्रिल वहिनींच्या मांडीवर होतं. "ड्रिल बिघडलंय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"पावती देते."

"नुसती पावती?" बाईनं फोन पर्समध्ये टाकला. "मग राहू दे."

तिच्या मागचाही गेला, त्याच्याही मागची गेली. दुपारपर्यंत चौथ्या खिडकीपुढे कुणी नव्हतं. तीन नंबरवरच्या मुलीनं डोकावून विचारलं, "दुरुस्तीला टाकू का ड्रिल? आपल्याकडेच करून देतील." वहिनी नको म्हणाल्या.

संध्याकाळी घरी जाताना त्या गल्लीच्या टोकाशी थांबल्या. शेडवर धूर होता. कालच्याइतकाच. कंपनीच्या अशा खिडक्या काय या एकाच गावात होत्या? भिंतीआडून पोरीचा खोकला ऐकू आला. मध्ये थोडा थांबला, पुन्हा सुरू झाला.

घरी नवऱ्यानं खुर्चीवरून उठून खिडकी लावायला घेतली होती. "आज वारा इकडे आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या पिशवीकडे बघून, "ड्रिल परत का आणलंस?"

"बिघडलंय," वहिनी म्हणाल्या.

"दाखव बघू इकडे," ते म्हणाले, आणि हात पुढे करून वाट बघत उभे राहिले.